सात नंबरची बाटली

रघूचा फोन आला तेव्हा मी दोरीवरचे कपडे काढत होते. "मावशी, बाबा गेले. सकाळी," एवढंच तो म्हणाला, आणि उभा जन्म नर्स म्हणून काढलेली मी बाई त्याला विचारते काय, तर "ताप होता का रे?" ताप नव्हता, काही नव्हतं. जव्हारला दुकानासमोर खुर्ची टाकून बसले होते, चहा मागितला, चहा येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. वय झालं होतं, हाल झाले नाहीत, असं मरण यायला भाग्य लागतं... लोक जे जे बोलतात ते सगळं बोलून झालं. मीही मान डोलावली. पण त्याला आता सहा आठवडे होत आले आणि माझं बूड एका जागी टेकत नाही. वर्तमानपत्र उघडते, मिटते. कुकर लावून अंगणात जाऊन उभी राहते आणि शिट्ट्या मोजायच्या राहून जातात. सून विचारते, आई, तुमचं काय हरवलंय? हरवलेलं काही नाही. सापडलंय, आणि ते सांगायला मला पन्नासहून जास्त वर्षं उशीर झाला आहे.

गेले ते धाकलू भोये. जव्हारला संस्थान होतं तेव्हा तिथल्या मोटारखान्यात आधी गाड्या पुसायला, मग फिटर म्हणून, मग ड्रायव्हर म्हणून होते. संस्थान विलीन झालं, गाड्या कुठे कुठे गेल्या, मोटारखान्यातल्या पान्यापासून तेलाच्या पिंपापर्यंत सगळ्याची यादी झाली, त्यावर शिक्के बसले, आणि माणसांची मात्र 'तात्पुरती' म्हणून या ना त्या खात्यात वाटणी झाली. धाकलू दवाखान्याच्या जीपवर आले. त्यानंतर दोनेक वर्षांनी मी आले, वाईहून, चोवीस वर्षांची, नवी कोरी नर्स. माझ्यापेक्षा हा माणूस आठ वर्षांनी मोठा. तरी मी त्यांना नुसतं 'धाकलू' म्हणायची, अरे-तुरे करायची, आणि ते मला 'बाय' म्हणायचे. ड्रायव्हरला अहो-जाहो करायची तेव्हा पद्धत नव्हती आणि पद्धत मोडण्याइतकी अक्कल मला नव्हती. 'दादा' म्हणायला लागले ते त्यांची नोकरी गेल्यावर. हे वाचताना एवढं लक्षात असू द्या.

आमची जीप लढाईतून उरलेली होती आणि तिची बॅटरी नावाला होती. बटण दाबून ती कधी सुरू झाल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे धाकलूदादा गाडी नेहमी उताराकडे तोंड करूनच लावायचे. पुढच्या चाकाला दगड. निघताना दगड काढायचा, गाडी घरंगळू द्यायची आणि चार हात गेल्यावर गिअर टाकायचा, की ती खोकत खोकत सुरू व्हायची. जव्हार-मोखाड्याच्या बाजूला उताराला काय तोटा! दवाखान्यासमोर उतार, मोखाड्याच्या बाजाराजवळ उतार, प्रत्येक पाड्याच्या तोंडाशी उतार. पुढे पुढे गावाबाहेर गाडी कुठे उभी राहणार हे मी लांबून जमीन बघूनच सांगू लागले होते. सपाट जागा एकच, जुना मोटारखाना. तिथे फरशी होती, आणि तिथून गाडी बाहेर काढायला चार माणसं लागत.

एका थंडीच्या सकाळी खोडाळ्याच्या पलीकडच्या पाड्यावरून निरोप आला, बाई अडली आहे. निघालो. पुढे लाकडाचे दोन ट्रक, रस्ता लाल मातीचा, समोरून उन्हाची तिरीप. काचेवर आधीच दंव, त्यावर ती धूळ. वायपर फिरवला की सगळ्याचं लिंपण व्हायचं. धाकलूदादा मान बाहेर काढून चालवत होते, दर अर्ध्या मैलाला उतरून फडक्याने काच पुसत होते. आम्ही पोचलो तोवर मूल गेलं होतं. आईला वाचवता आलं. परत येताना मी त्यांना म्हटलं की मूल आधीच, आपण निघायच्या आधीच गेलेलं असणार, आणि ते खरंही होतं. त्यांनी ऐकून घेतलं. गाडी उताराला लावून चाकाला दगड ठेवताना म्हणाले, "आठ येळा उतरलो, बाय. म्या मोजलां."

संस्थानच्या एका परदेशी गाडीत त्यांनी एक गंमत पाहिली होती. बटण दाबलं की काचेच्या खालून पाण्याच्या दोन धारा उडायच्या आणि वायपर त्या पाण्याने काच लख्ख पुसून काढायचा. ती गाडी विलीनीकरणात गेली. पण ती खोलून-जोडून त्यांच्या बोटांत बसलेली होती. खोडाळ्याहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशीपासून या माणसाला बसवेना. सारखे दवाखान्यात येऊन उभे. "बाय, ती फाटकी नळी टाकनार हाव का? त्या यंत्राचा फुगा चालू हाय का?" रक्तदाबाचं एक मोडकं यंत्र होतं, त्याचा रबरी फुगा मी दिला. एनिमाच्या डब्याची जुनी नळी दिली. आणि कपाट उघडून एक सलाईनची रिकामी बाटली दिली. दवाखान्यातल्या बाटल्यांवर लाल रंगाने नंबर घालायचं काम नवी म्हणून माझ्याकडे होतं. दिली ती सात नंबरची. कुठे लिहिलं नाही, कोणाला विचारलं नाही. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे, त्यांना काय या फुटकळ गोष्टी विचारायच्या, असं मला वाटलं. खरं तर मला धाकलूदादांचं कौतुक वाटलं होतं आणि त्या कौतुकात मी कपाट उघडलं.

त्यांनी काय केलं ते सांगते. बाटलीला दोन भोकांचं रबरी बूच. एका भोकातून फुग्याने हवा आत भरायची, दुसऱ्यातून नळी निघून पार गाडीच्या पुढच्या काचेच्या बुडापर्यंत गेलेली. तिथे दोन टोकांना स्टोव्हची दोन पितळी निपलं. फुगा चार वेळा दाबला की निपलांतून बारीक फवारा काचेवर! फुग्याचा स्क्रू सैल केला की हवा सुटे आणि फवारा थांबे. इंजिनाच्या उबेने रबर वितळेल म्हणून बाटली पुढे न ठेवता त्यांनी मागे, माझ्या औषधाच्या पेटीशेजारी बांधली होती. मोखाड्याच्या बाजाराच्या दिवशी हे पाहायला ही गर्दी जमली. एका म्हातारीने तर धाकलूदादांना तीनदा फुगा दाबायला लावला आणि पदराने स्वतःचंच तोंड पुसलं. त्या महिन्यात आम्ही दोनदा खोडाळ्याच्या बाजूला गेलो आणि एकदाही काच पुसायला उतरलो नाही. एका बाळाचं नाव तिथल्या लोकांनी धाकलू ठेवलं, आता बोला.

आणि मग गळती लागली. दवाखान्यासमोर गाडी उभी असली की निपलांतून थेंब थेंब पाणी. काचेच्या खालच्या फटीतून ते आत यायचं आणि माझी रजिस्टरं ठेवायला पुढच्या सीटसमोर त्यांनीच ठोकून दिलेल्या पत्र्याच्या तबकात उतरायचं. जन्माच्या रजिस्टराची चार पानं निळी झाली. मी संतापले. "धाकलू, तुझं कारंजं काढून टाक आधी!" ते म्हणाले, "एक रोज द्या, बाय." एक दिवसाचे पंधरा झाले. त्यांनी निपलं बदलली. निपलांखाली सुताचा धागा गुंडाळला, वर लाख लावली. सायकलची ट्यूब बघतात तशी सगळी नळी बादलीत बुडवून बुडबुडे शोधले. मोटारखान्याच्या फरशीवर गाडी उभी करून दोन-दोन तास बॉनेटवर कोपर टेकून त्या निपलांकडे टक लावून बसले. तिथे एक थेंब पडायचा नाही! गाडी दवाखान्यासमोर आणली की पुन्हा सुरू. "ही गाडी माझी थट्टा करते," असं ते म्हणायचे, आणि हसायचे नाहीत. जेवायला बसलेले मध्येच उठायचे. मी रजिस्टरं तबकातून उचलून मांडीवर घेऊन बसू लागले आणि माझ्यापुरता विषय संपवला. रिकाम्या तबकात त्यानंतर कोणी डोकावलंही नाही.

नेमके त्याच आठवड्यात ठाण्याहून साहेब आले. संस्थानच्या तात्पुरत्या माणसांपैकी कोणाला कायम करायचं हे त्यांच्या हातात होतं. धाकलूदादांनी शर्टाला इस्त्री केली होती. आदल्या दुपारपासून जीप उताराला तोंड करून उभी होती, काच आदल्या संध्याकाळीच फवारा मारून चकचकीत केलेली. साहेब पुढे बसले, पांढरी पँट, मी मागे. मोखाड्याला निघालो. उतार संपला, चढ लागला, जीपने नाक वर केलं... आणि तबकात रात्रभर साठलेलं सगळं पाणी एका दमात साहेबांच्या मांडीवर! मोखाड्याला ते उतरले तेव्हा बाजार भरलेला. नागली घेऊन बसलेल्या एका बाईने शेजारणीला विचारलं, "सायबाला पावसानं कुठं गाठलां गं?" आणि सगळी ओळ खदखदली. मीही हसले. तोंडावर पदर घेतला, पण साहेबांनी वळून पाहिलं ते नेमकं माझ्याकडे. ते धाकलूदादांना एवढंच म्हणाले, "सरकारी गाडीत हा उद्योग कोणाच्या परवानगीने? आठ दिवसांनी येतो. सगळं असंच जागच्या जागी दिसलं पाहिजे."

दुसरा कोणी असता तर त्या आठ दिवसांत वशिला शोधत फिरला असता. धाकलूदादा गळती शोधत होते. मी म्हटलं, अरे, नोकरीचं बघ. तर म्हणतात, "नोकरी गेली तं जाईल. पन पानी कुठून येतां ता तं कळलां पायजे!" मला तेव्हा हा खुळेपणा वाटला. चौथ्या की पाचव्या दिवशी एका पाड्यावरून जुलाब-उलट्यांनी गळालेली बाई आली. सलाईन लावायची, आणि असलेला एकुलता एक स्टँड दुसऱ्या रोग्याला लावलेला. मी धाकलूदादांच्या हातात बाटली दिली आणि म्हटलं, अशी वर धरून उभा राहा. राहिले. दहा मिनिटांत हात भरून आला असेल, बाटली हळूहळू खाली आली. नळीतलं पाणी थांबलं. मी खेकसले, "धाकलू, बाटली वर धर! खाली आली की बंद पडतं, कळत नाही?" त्यांनी बाटली वर नेली. थेंब सुरू झाले. त्यांनी ती मुद्दाम थोडी खाली आणली. थांबले. पुन्हा वर. मी ओरडणार तेवढ्यात त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. माणसाला लॉटरी लागावी तसा चेहरा! पण हातात बाटली. अजून पाऊण तास हलता येत नव्हतं. एका पायावरून दुसऱ्या पायावर होत, नजर खिडकीतून जीपवर लावून ते उभे राहिले आणि ती बाटली तसूभर हलली नाही. सुई काढून मी "झालं" म्हणाले मात्र, हा माणूस पायऱ्या न उतरता उडी मारून गेला.

बाहेर जाऊन पाहते तर ते जीपशेजारी जमिनीवर आडवे पडलेले, एक डोळा मिटून मागची बाटली आणि पुढची निपलं यांची पातळी बघत होते. "बाय, गाडी उताराला, म्हंजे म्होरं खाली, मांगं वर. मांगची बाटली निपलाच्या वर गेली! तुमची सलाईनच लागली ना गाडीला! फरशीवर कशी गलंल?" इतकं सोपं होतं. आधीच्या फवाऱ्याने नळी पाण्याने भरलेलीच असायची, सैल सोडलेल्या स्क्रूतून हवा आत यायची, आणि बाटली वर गेली की पाणी आपणहून वाहायचं. बॅटरी धड असती, गाडी सपाटीवर उभी राहिली असती, तर ही गळती कधी दिसलीच नसती. आणि रोज चार बाटल्या टांगणाऱ्या मला, या एवढ्या शिकलेल्या बाईला, ते पंधरा दिवसांत सुचलं नव्हतं. त्यांनी त्याच दुपारी नळीच्या मध्ये सायकलचा व्हॉल्व्ह बसवला, आतली बारीक रबरी ट्यूब घालून. फुगा जोराने दाबला तरच ती ट्यूब पाण्याला वाट देई, उताराच्या एवढ्याशा जोराने ती उघडत नसे. जीप दिवसभर उतारावर उभी राहिली. एक थेंब नाही. मी निपलांवरून बोट फिरवून पाहिलं, कोरडं.

साहेब आले त्या सकाळी धाकलूदादा खुशीत होते. त्यांना वाटत होतं, आपण गळतीचं कारण दाखवू, साहेब शिकलेले आहेत, त्यांना पटेल. मी पाहिलं की बाटलीवर त्यांनी चिकटपट्टीचा एक रुंद पट्टा गुंडाळला होता, आमच्याच दवाखान्यातली पट्टी. मनात म्हटलं, बघा, गळती मिळाली तरी याचं डोकं अजून गळतीतच, आता बाटलीला चीर गेलीशी वाटते. साहेबांनी जीपभोवती एक फेरी मारली. पाणी का गळलं हे त्यांनी विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "हे सामान कुठलं?"

मी तीन हातांवर उभी होते. रजिस्टरं छातीशी धरलेली. एक वाक्य होतं: मी दिलं, साहेब, टाकाऊ होतं. एवढंच. मला कायम व्हायला चार महिने उरले होते. वाईला भावाच्या घरातून मी भांडून निघाले होते, नोकरी गेली तर त्याच उंबऱ्यावर जाऊन उभं राहावं लागलं असतं. साहेबांनी मोखाड्याच्या बाजारात माझ्याकडे वळून पाहिलं होतं ती नजर अजून अंगावर होती. हे सगळं खरं आहे आणि यातलं काहीही कारण म्हणून पुरेसं नाही. मी भ्याले. आणि तेवढ्यात धाकलूदादा म्हणाले, "जुन्या मोटारखान्यातलां हाय, सायेब. पडून व्हतां."

साहेबांनी सोबतच्या कारकुनाकडे पाहिलं. "म्हणजे यादीत न दाखवलेलं संस्थानचं सामान. लिहून घ्या." कारकुनाने लिहून घेतलं. आपण काय बोलून बसलो हे धाकलूदादांना उमगलं नव्हतं. ते अजून त्याच उत्साहात. "सायेब, गळती गावली. दावू का? गाडी उताराला व्हती म्हनून..." साहेब म्हणाले, "नको." मोटारखान्यातलं साधं खिळ्याएवढं सामान ज्याने कधी घरी नेलं नाही, त्या माणसाच्या नावापुढे त्या दिवशी लागलं की याने संस्थानचं सामान दडवलं. कायम होणं तर सोडाच, महिन्याच्या आत त्यांना काढून टाकलं. मी चार महिन्यांनी कायम झाले. पुढे बदली झाली, लग्न झालं, पदं वाढली, शेवटी निवृत्त होऊन नाशिकला स्थिरावले.

त्यांनी जव्हारला सायकली आणि स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान टाकलं. हात चांगला, बोलणं कमी, दुकान चाललं. पुढे जीपगाड्या, ट्रक, सगळ्यांचे डॉक्टर तेच. काढून टाकलं त्या आठवड्यात मी भेटायला गेले आणि पहिल्यांदा 'दादा' म्हणाले. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. नंतर दरवर्षी-दोन वर्षांनी मी जात राहिले. जप्त केलेलं ते सामान पुढे भंगारात निघालं आणि त्यातली बाटली फिरून त्यांच्याच दुकानात आली, एका खिळ्याला टांगलेली. मी नेहमी तिच्याकडे पाठ करून बसायची. दर वेळी ठरवून जायची की या खेपेला बोलायचंच. एकदा सुरुवातही केली, "दादा, त्या दिवशी साहेबांसमोर मी..." तर म्हणाले, "चा घ्या, बाय. निवतंय." मी चहा घेतला. इतकी निर्लज्ज होते मी, की त्या चहाने मला बरं वाटलं.

त्यांच्या दिवसकार्याला मी जव्हारला गेले. रघू आता मोखाड्याच्या बाजूला प्रवासी जीप चालवतो. गाडी नवी, किल्ली फिरवली की सुरू होते, तरी घरासमोर ती उताराकडे तोंड करून लावलेली, चाकाला दगड. "बाबांनी दुसऱ्या कशी लावू दिली नाय कधी," म्हणाला. मग लोक पांगल्यावर जवळ येऊन बसला. चाळिशी ओलांडलेला माणूस, पण विचारताना मान खाली. "मावशी, तुमी तवा व्हताव ना दवाखान्यात? शाळंत पोरां मला म्हनायची, तुझ्या बापानं मोटारखान्याचां सामान नेलां. मी बाबांना कधी इचारलां नाय. खरांच नेलां व्हतां का?"

आणि मी पुन्हा गप्प बसले. या वयाला, त्या माणसाच्या घरात! म्हटलं, "बोलू रे निवांत." निघताना रघूने खिळ्यावरची बाटली काढून माझ्या पिशवीत ठेवली. "बाबा सांगून गेले व्हते, ही नर्सबायची. तिला द्या." मोखाड्यावरून बस आली, घाट चढली, आणि त्र्यंबकपर्यंत मी ती पिशवी मांडीवर धरून बसले होते.

घरी आणून कितीतरी दिवस ती तशीच पिशवीत होती. मी तिच्याभोवती फिरत होते. परवा शेवटी बाहेर काढली. पट्टी वाळून तपकिरी, काचेला घट्ट धरलेली. कोमट पाण्यात तासभर ठेवली आणि जखमेवरची जुनी पट्टी सोडवतात तशी नखाने कड उचलून हलक्या हाताने सोडवली. खाली चीर असेल असंच मी धरून चालले होते. काच धड होती. कुठे साधा ओरखडा नाही. पट्टीखाली लाल रंगात दवाखान्याची खूण होती, आणि माझ्या हातचा सात, शेंड्याला उगीच एक वळण दिलेला.

म्हणजे साहेबांनी विचारायच्या आधीच त्यांनी ठरवलं होतं. त्या सकाळी, इस्त्रीचा शर्ट घालून, गळती सापडल्याच्या आनंदात असताना या माणसाने आधी माझा नंबर झाकला होता. मी गप्प बसेन हे त्यांना ठाऊक होतं की मी बोलू नये अशी त्यांची इच्छा होती, हे आता विचारायला कोणी उरलं नाही. मी तिथेच, मोरीत, मटकन खाली बसले आणि खूप रडले. सून धावत आली, तिला वाटलं पडले.

रघू, तू रविवारची पुरवणी वाचतोस, मला माहीत आहे. तुझ्या बाबांनी काहीही नेलं नव्हतं. बाटली दवाखान्याची होती, नळी दवाखान्याची होती, फुगा दवाखान्याचा होता, आणि तिन्ही वस्तू मी माझ्या हाताने, कपाट उघडून दिल्या होत्या. ज्यांनी तुला शाळेत म्हटलं त्यांना आणि त्यांच्या पोरांना हे वाचून दाखव. बाटली आता माझ्या पुढच्या खोलीत खिडकीत ठेवली आहे. पट्टी मी टाकून दिली. सात नंबर दाराच्या बाजूला केला आहे, आणि आल्यागेल्याने विचारलं की मी सांगते, ही कोणाची.